रेघ दिसली की हात हलका

माणिकदाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारावर पॉलिशचं मशीन चालवत होतो, आणि तो फोन मी उचलला नाही. ऐकूच आला नाही, असं सांगता आलं असतं. त्या मशीनच्या आवाजात शेजारच्या वेल्डिंगवाल्याशी भांडण झालं, तरी काय भांडलो ते आम्ही एकमेकांना नंतर चहावर सांगतो. पण खिशातला फोन थरथरला ते मांडीला कळलं होतं. थांबला, पुन्हा थरथरला. मी दार पुरं केलं. दार अर्धं सोडायचं नाही, पॉलिशचं कंपाउंड पत्र्यावर वाळलं की पुसताना जीव जातो, हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याचीच बातमी माझ्या मांडीला धडका देत होती. दार झालं, कापडानं पुसलं, वाकून उजेडात बघितलं आणि मग फोन काढला. अक्काचा होता. "काम पुरं करूनच घेतलास न्हवं फोन?" ती म्हणाली. मी हाव म्हणालो. तशी ती म्हणाली, "दाजी गेले तुझे. ये आता."

माणिकदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरला औसा रोडला त्यांची पत्र्याची शेड होती, गाड्यांच्या रंगाचं आणि पॉलिशचं काम चालायचं. माझं तेच दुकान नांदेडला, तरोडा नाक्याजवळ. तेच म्हणजे अगदी तेच, कारण मला स्वतःला काही सुचलं असतं तर मी आधीचे दोन धंदे बुडवले नसते. एक मोबाईलच्या कव्हरांचा होता आणि दुसरा काय होता ते मी घरात अजून नीट सांगितलेलं नाही. दोन्ही बसल्यावर अक्कानं मला लातूरला बोलावून दाजींच्या पुढ्यात उभं केलं. दाजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एखाद्या ठोकलेल्या गाडीकडं बघावं तसं, आणि म्हणाले, "सांगाडा चांगला हाय. बाकी सगळं काढावं लागंल." आमच्याकडं दाजीला मेव्हण्याची खेचायची पूर्ण मुभा असते. दाजींनी ती मुभा शेवटपर्यंत वापरली. राग आला की मी उत्तमराव, नाहीतर उत्तम.

हे मशीन ज्यांनी हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्याच्या तोंडाला एक गोल प्लेट असते, प्लेटला वेल्क्रोनं फोमचं पॅड चिकटवायचं, पॅडला कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या पांढऱ्या पेस्टचे, थेंब लावायचे आणि गाडीच्या पत्र्यावर फिरवायचं. पॅड दोन कामं एकदम करतं. जागच्या जागी थरथरतं आणि गोल फिरतं. थरथर मोटारीची असते, फिरणं मात्र सैल सोडलेलं असतं, जत्रेतल्या भिंगरीसारखं. जरा जास्त दाबलं किंवा तिरकं धरलं की फिरणं बंद, नुसती थरथर चालू. आवाज मात्र जवळजवळ तोच राहतो. नवख्याला वाटतं काम झकास चाललंय, आणि पॅड एका जागी बसून पत्र्याला गुदगुल्या करत असतं. चकाकी येत नाही, उलट धुरकट डाग पडतो. सरावलेल्या हाताला कळतं. फिरणारं पॅड हाताला बारीकशी ओढ देतं, थांबलं की ती ओढ जाते. माझ्या हाताला असलं काही कळायचं नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात दाजींनी अक्काची लाल नेलपॉलिशची बाटली मागवली आणि माझ्या मशीनच्या प्लेटच्या कडेवर एक उभी रेघ ओढली. मार्करची रेघ कंपाउंडनं पुसली जाते, नेलपॉलिशची टिकते. "हिकडं बघ. रेघ दिसली का पॅड थांबलं. दिसेनाशी झाली का फिरून राहिलं. दिसली की हात हलका करायचा. एवढं जमंल का?" अक्का म्हणाली, "माझी नवी बाटली होती." त्या मशीनशी तिचा संबंध एवढाच. आवाजानं तिचं डोकं उठायचं, शेडमध्ये आली तरी ती पाठ करून बसायची.

त्या शिकाऊ दिवसांत मी जे केलं ते सांगायला जागा पुरणार नाही, पण सांगायची हौस आहे. पॅडला कंपाउंड जास्त लावलं तर चकाकी जास्त, असा माझा हिशोब, म्हणून एकदा पॅड श्रीखंडाच्या वाटीसारखं भरलं. ते ओलंगच्च होऊन फिरायचंच थांबलं. पॅड धुऊन, न पिळता, तसंच लावलं. मशीन पॅडवर उभं करून उन्हात ठेवलं आणि जेवायला गेलो, वेल्क्रोचे काटे मऊ होऊन बसले, मग प्लेट फिरायची आणि पॅड नुसतं बघत राहायचं. एकदा प्लेट काढून परत बसवताना मधलं वायसर, म्हणजे वॉशरची बारीक चकती, विसरलो, प्लेट वरच्या रबराला घासत राहिली आणि शेडभर जळका वास सुटला. "उत्तमराव, मशीन भाजून राहिलात का?" दाजींनी लांबूनच विचारलं. पण माझं नाव झालं ते देगलूरच्या नागनाथअप्पांमुळं. अप्पा धान्याचे अडते, पांढरं धोतर, पांढरा सदरा, इस्त्रीची घडी मोडायला नको म्हणून ते बसायचेही जपून. त्यांच्या गाडीच्या काळ्या बॉनेटजवळ ते उभे असताना मी मशीन पत्र्यावर टेकवायच्या आधीच, हवेतच, चालू केलं. पॅडवरचं सगळं कंपाउंड अप्पांच्या अंगावर. पांढऱ्यावर पांढरं, म्हणून मला वाटलं दिसणार नाही... अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दाजींना म्हणाले, "माणिकराव, ह्याला माझ्या गाडीला हात लावू देऊ नका."

दाजींच्या स्वतःच्या मशीनला रेघ नव्हती. मी एकदा विचारलंही होतं. त्यांनी उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढं धरला होता. "हिथं कळतं मला."

मी नांदेडला दुकान थाटल्यावर फोन व्हायचे ते माझेच, आणि अडचणीही माझ्याच. त्यामुळं दोन वर्षांमागं एका सकाळी दाजींचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं अक्काला काही झालं. दाजी म्हणाले, "मशीन बिघडलंय. पॅड फिरून नाही राहिलं. तुझं घेऊन ये." मी म्हणालो, उद्या येतो. "उद्या कशाला, तेराव्याला येतो का? आत्ता निघ. अप्पांची गाडी हाय. उद्या सकाळी त्यांच्या पोरीचा साखरपुडा हाय हिथं लातुरात. दिवस मावळायच्या आत न्यायला येनार." दाजींनी मला मदतीला बोलावलं, असं आधी कधी झालेलं नव्हतं. आवाजही नेहमीचा नव्हता. त्याआधीच्या काही महिन्यांत लातूरला दोघा गिऱ्हाइकांनी गाड्या परत आणल्या होत्या, उजेडात धुरकट डाग दिसतात म्हणून. हे अक्कानं मला हळूच सांगितलं होतं. रंगकामाच्या आळीत लोक बोलायला लागले होते की माणिकरावांचा हात गेला. अप्पांची गाडी बिघडली असती तर देगलूर-उदगीरकडचं गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि दाजींच्या शेडमध्ये तेच गिऱ्हाईक उरलं होतं.

मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसलो. लोह्याला एक बाई चढल्या, शेजारी बसल्या आणि पिशवीतलं तोंड बघून विचारलं, "मिक्सर का?" मी म्हणालो, हाव. एवढं समजावून सांगायचा धीर नव्हता. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि बस प्रत्येक थांब्यावर अशी रेंगाळत होती की मला उतरून ढकलावीशी वाटली. शेडवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. काळी गाडी मधोमध उभी, काचांच्या रबराला चिकटपट्टी लावलेली, बॉनेट अर्धं झालेलं. आणि त्या अर्ध्यावर, दिव्याच्या उजेडात, ढगाळ चंद्रासारखे डाग. काळा रंग कुणाची भीड ठेवत नाही. दाजी गाडीला टेकून उभे होते. त्यांचं मशीन खाली पोत्यावर ठेवलेलं होतं आणि त्याच्या प्लेटवर लाल रेघ होती.

मी हसलो. "दाजी, तुमाला पन रेघ लागायली का?"

ते हसले नाहीत. "मशीन बघ."

मग आम्ही बघायला लागलो. आधी वायर. लांब वायर गुंडाळलेली होती, कधीकधी तिच्यातून दम कमी येतो, म्हणून ती काढून मशीन थेट बोर्डात लावलं. दाजींनी बॉनेटवर टेकवलं. रेघ थरथरली, पण जागची हलली नाही. वेग वाढवला. मशीन जास्त ओरडलं, रेघ तिथंच. पॅड कंपाउंडनं भरलं असेल म्हणून कोरं, कोरडं पॅड लावलं. रेघ तिथंच. वेल्क्रो ओढून बघितला, घट्ट. प्लेट बोटानं फिरवली तर गरगर फिरली, म्हणजे बेअरिंगही ठीक. "वायसर बघ," दाजी म्हणाले. "बघितलं असेल की तुमी." "बघ म्हनलं ना." मी प्लेट खोलली. वायसर होतं. जिथं असायला पाहिजे तिथं, जसं असायला पाहिजे तसं. आणि ते बघून झाल्यावर, ज्या माणसाचं आयुष्य वायसरानं आधीच एकदा काळं केलेलं आहे त्या माणसाच्या हातून ते खाली पडलं.

आवाज आला. टिक. मग काहीच नाही. मी गुडघ्यावर बसलो, गाडीखाली हात घातला, मग डोकं घातलं. टायरमागं, पोत्याखाली, पत्र्याच्या फटीत. दाजी वर उभे, त्यांची फक्त पावलं दिसत होती. पावलं हलत नव्हती. शेडच्या दारातला उन्हाचा पट्टा टायरपर्यंत आला होता, मी शोधत होतो तोवर तो टायर ओलांडून पुढं गेला. "उत्तमराव," वरून आवाज आला, "खालीच मुक्काम हाय का?" मी धुळीनं माखून बाहेर आलो, पँट झटकली, आणि वायसर माझ्याच पँटच्या दुमडलेल्या पायातून बाहेर पडलं. एरवी ह्यावर दाजींनी मला वर्षभर पुरेल एवढं ऐकवलं असतं. ते म्हणाले, "बसव." एवढंच.

बसवलं. रेघ तिथंच.

"तुझं काढ," दाजी म्हणाले. मी पिशवीतून माझं मशीन काढलं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नांदेडला एक गाडी त्याच्यावर केली होती. पॅड लावलं, कंपाउंडचे थेंब टाकले, दाजींच्या हातात दिलं. त्यांनी टेकवलं, चालू केलं. रेघ थरथरली. हलली नाही. त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडं बघितलं. "बिघडलेलं आनलंस तू बी." मी म्हणालो, शपथ घेतो, काल चालत होतं. "मग आज का मेलं?" "आना हिकडं." मी ते घेतलं, तिथंच, त्याच डागाच्या शेजारी टेकवलं आणि चालू केलं. रेघ दिसेनाशी झाली. प्लेटच्या कडेवर नुसता फिकट लालसर पट्टा.

दाजींनी ते परत घेतलं. रेघ उभी राहिली. मी घेतलं. गायब. मग मी त्यांचं पोत्यावरचं मशीन उचलून लावलं. तेही माझ्या हातात फिरलं... दोन्ही मशीनं बंद केली तेव्हा शेडमध्ये इतकं शांत झालं की पलीकडच्या हॉटेलात कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. जगातल्या सगळ्या माणसांतून माझ्या हातात फिरावं आणि दाजींच्या हातात थांबावं, ह्याच्याइतकं उलटं मी काही बघितलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुमी जरा दाबून धरून राहिलात." "मी दाबून न्हाई धरलं." "पॅड तापलं असंल मग." त्यांनी मशीन आडवं केलं आणि पॅडवर उजवा तळवा ठेवला. ठेवलेला राहू दिला. "थंड हाय," म्हणाले. त्यांनी हात काढला तसा मी माझा ठेवला, आणि झटक्यानं मागं घेतला. चटका बसला होता.

दाजींनी माझ्या हाताकडं बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडं. तळवा लाल झाला होता. ते त्याच्याकडं असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्याकडं दुरुस्तीला आलाय.

अक्का डबा घेऊन आली ती तेव्हाच. आम्ही दोघं उभे, मधे गाडी. तिनं डबा खाली ठेवला, दाजींचा तळवा बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सकाळी शर्टाच्या गुंड्या मीच लावायले. दोन महिने झाले." दाजी म्हणाले, "तू गप." ती म्हणाली, "गपच होते की." आणि पाठ करून डब्याचं झाकण काढायला लागली. जेवायला कुणीच बसलं नाही.

हाताला कळेना म्हणून ते जास्त दाबत होते, जास्त दाबलं म्हणून पॅड थांबत होतं. मशीनमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतंच. दाजींना ते आधीपासून ठाऊक होतं का? रेघ तर त्यांनीच ओढली होती, मी यायच्या आधी, कुणी नसताना. पण दुसरं मशीन येऊन दुसरं कारण सापडावं, एवढी आशा माणूस ठेवणारच.

ऊन दाराबाहेर निघालं होतं. दाजी स्टूल ओढून बॉनेटसमोर बसले. "धर," म्हणाले. मी म्हणालो, "दाजी, काळी गाडी हाय. अप्पांची हाय. मी त्यांच्या सदऱ्यावर..." "मालूम हाय मला. धर म्हनलं ना." मी मशीन धरलं. आधी पत्र्यावर टेकव, मग चालू कर, हे मी मनात एवढ्या वेळा म्हटलं की शेवटी मोठ्यानं म्हटलं गेलं. बॉनेटचा सपाट भाग सुधरायला लागला. पहिला डाग निघाला, दुसरा निघाला. मडगार्डचा गोलवा आला तिथं माझा हात तिरका झाला. "दिसून राहिली," दाजी स्टुलावरून म्हणाले. मी हात हलका केला. "दिसून राहिली, उत्तम. कोपर वर कर." केलं. रेघ गेली.

आणि अप्पा लवकर आले.

धोतर पांढरं, सदरा पांढरा, साखरपुड्याच्या घाईचा घाम. दारातच थांबले, मला बघितलं, चष्मा काढला. "माणिकराव, हा तोच न्हवं का?" मी मशीन बंद केलं आणि गाडीपासून एक पाऊल मागं सरलो. अप्पांपासून दोन. दाजींना सांगता आलं असतं, मेव्हणा नुसता पुसून राहिलाय, मीच केली गाडी. अप्पांनी ते मानलंही असतं आणि शेड चालू राहिली असती, आणखी काही महिने. मी दाजींकडं बघत होतो, अक्का पाठ करून बसली होती तरी तिचे हात डब्यावर थांबले होते. दाजी उठले नाहीत. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हाताला आता काही समजंना झालंय, अप्पा. आज कळलं. गाडी हाच करनार, मी बघनार. पटत नसंल तर आशीच न्या, उद्याच्याला दुसरीकडं कोन उभं करून घेनार न्हाई, पन न्या."

अप्पांनी चष्मा परत घातला. मग अक्काच्या शेजारचं दुसरं स्टूल उचललं, भिंतीला लावलं, माझ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, आणि धोतर सावरून बसले. "करू द्या," म्हणाले. "पन तोंड तिकडं ठेव म्हणावं मशीनचं."

दोन माणसं बघत असताना मी कधी इतकं हळू काम केलेलं नाही. उजेड उतरत होता आणि दाजींचा आवाज येत होता, दिसून राहिली... हां... गेली... दिसून राहिली. शेवटचं दार पुसून मी बाजूला झालो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. अप्पा उठले, फोनचा दिवा लावून गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट, दारं, छत. मागच्या दिव्याजवळ थांबले. वाकले. "हे काय?" पत्र्यावर एक धुरकट चंद्र होता. अप्पा माझ्याकडं बघत होते, आणि मला माझ्या आजवरच्या वागण्यावरून वाटलं की असणार माझाच. तोंड उघडणार तोवर दाजी म्हणाले, "ते माझं हाय. सकाळचं." आणि मला म्हणाले, "घे." मी घेतलं. रेघ गेली, चंद्र गेला. अप्पांनी परत दिवा लावला, परत वाकले आणि म्हणाले, "सरे." देगलूरकडची माणसं ठीक आहे म्हणायला तेलुगूतलं हे सरे वापरतात. गाडी रस्त्याला लागून वळेपर्यंत दाजी स्टुलावरून हलले नाहीत. मग डाव्या हातानं त्यांनी डबा पुढं ओढला. "वायसर नीट बसवलंस का?" म्हणाले, आणि तेव्हा मी इतका हसलो की अक्कानं मला घरी नेईपर्यंत हसतच होतो, आणि ते सगळंच काही हसणं नव्हतं.

पुढं दवाखाने झाले. मानेत, मणक्याजवळ, नस दबली होती. ऑपरेशन झालं, दुखणं वाढायचं थांबलं, हात परत आला नाही. दाजींनी शेड सोडली आणि मशीन पिशवीत घालून, अक्काला घेऊन, दर महिन्याला काही दिवस माझ्याकडं नांदेडला यायला लागले. माझ्या दुकानात स्टूल त्यांच्यासाठीच आणलं. ते समोर बसायचे आणि बघायचे. गिऱ्हाइकांसमोरही म्हणायचे, "दिसून राहिली, उत्तमराव," आणि मला राग यायचा, कारण गिऱ्हाइकाला काय दिसून राहिली ते कळायचं नाही आणि मला समजावून सांगावं लागायचं की मी चुकतोय. येणं जमेना झालं तेव्हा मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून प्लेटकडं रोखून ठेवायचो आणि ते लातुरातून बोलायचे. रेंज गेली की आवाज तुटायचा, दिसू... दिसू... आणि मी अंदाजानं हात हलका करायचो. प्रत्येक फोनच्या शेवटी तोच प्रश्न, वायसर सापडलं का. शेवटचं भेटलो तेव्हा छातीत न्यूमोनिया भरला होता, बोलणं कमी झालं होतं. मी पलंगाशेजारी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि माझ्या पँटच्या पायाकडं खालवर नजर टाकली. मी पायाची दुमड उलटी करून दाखवली. रिकामी. त्यांच्या ओठांची एक बाजू हलली.

लातूरला दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अप्पा आले होते, पांढऱ्या कपड्यांत, आणि माझ्या शेजारी बसले. बसण्याआधी माझ्या हातात काही नाही ना, ते त्यांनी बघितलं.

आता अक्का आमच्याकडं आलेली आहे. दाजींचं मशीन पिशवीतून तिनंच आणलं, आणि नेलपॉलिशची बाटलीही, तळाला थोडीशी उरलेली. परवा सकाळी दुकानात आली आणि ह्या प्लेटवरची रेघ पार फिकट झालीय म्हणाली. बाटली तळहातांत घोळवून आतलं पॉलिश पातळ केलं आणि जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली, जीभ दातात धरून, हात न हलवता. मग मेथीची जुडी घेऊन दाजींच्या स्टुलावर बसली. दुकानात बसायला दुसरं काही नाही. मी ते मशीन एका तांबड्या गाडीच्या दारावर लावलं. चालू केलं, आणि माझं लक्ष उडालं. कुठं गेलं ते सांगत नाही. हात आपोआप दाबत गेला असणार. आवाज तसाच होता, थरथर तशीच, मला काही कळलं नाही, मला कधीच कळलेलं नाही. आणि शेडच्या आवाजाला आयुष्यभर पाठ करून बसलेली अक्का मेथी निवडता निवडता म्हणाली, "दिसून राहिली रे, उत्तम."

मी हात हलका केला. तिनं मेथीची पुढची काडी उचलली.